छत्रीसैनिकांची मानचिन्हे

पालघर शहरात एक हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' चळवळीत तेथे पाच देशभक्तांनी प्राण दिले. त्यांची ती खूण होय. तेथून काही कोसांवर, समुद्रकाठी, तारापूरचा जुना किल्ला आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. स्तंभ काय किंवा तट काय, दोन्ही तसे निर्जीव. परंतु ते कशाची खूण आहेत हे ज्याला ठाऊक असते, त्याची पावले तेथे आपोआप थबकतात.

हीच गोष्ट सैनिकाच्या गणवेशावरील लहानशा बिल्ल्याची. पदके, टोपीवरील चिन्हे, बाहीवरील कापडी पट्ट्या यांना एकत्रितपणे मानचिन्हे म्हणतात. जगात अनेक जण अशा जुन्या मानचिन्हांचा संग्रह करतात. त्यांतही छत्रीसैनिकांच्या, म्हणजे विमानातून हवाई छत्रीच्या साहाय्याने रणभूमीवर उतरणाऱ्या सैनिकांच्या मानचिन्हांना मोठा मान आहे. कारण ती केवळ सैन्यात भरती झाल्याने मिळत नाहीत, ती कमवावी लागतात.

भारतात हे शिक्षण आग्रा येथे दिले जाते. प्रथम जमिनीवरच उडी कशी घ्यावी, पाय कसे जुळवावेत, भुईला टेकताच अंग कसे लोळवावे याचा सराव होतो. नंतर विमानातून उडी. सैनिकाच्या छत्रीला जोडलेला एक पट्टा विमानातील तारेला अडकविलेला असतो. सैनिक दाराबाहेर पडला की तो पट्टा ताणला जातो आणि छत्री खेचून उघडतो. अशा पाच उड्या, त्यांतील एक रात्रीच्या अंधारात, यशस्वीपणे पार पडल्या म्हणजे त्याला छत्रीसैनिकाचे पंख मिळतात. मध्ये उघडलेली पांढरी छत्री आणि दोन्ही बाजूंस फिकट निळे पंख, असे हे कापडी चिन्ह उजव्या बाहीवर शिवले जाते. डोक्यावर किरमिजी रंगाची टोपी येते.

निरनिराळ्या देशांनी या पराक्रमासाठी निरनिराळी चिन्हे योजली. जर्मनीने १९३६ मध्ये झेप घेणाऱ्या गरुडाचा बिल्ला सुरू केला. अमेरिकेचा बिल्ला १९४१ मधला. विल्यम यारबरो या तरुण अधिकाऱ्याने त्याची आकृती काढली. त्यात उघडलेली छत्री आणि तिला कवेत घेणारे पंख आहेत. ज्याने प्रत्यक्ष युद्धात उडी घेतली असेल, त्याच्या बिल्ल्यावर एक लहानसा तारा जडवितात. पोलंडचा गरुड तर खाली झेपावणारा आहे. रणात उतरलेल्या सैनिकाच्या गरुडाच्या पंजांत सोनेरी पर्णमाला असते. तारा किंवा माला म्हणजे नखाएवढा धातू! परंतु सरावातील उडी आणि शत्रूच्या गोळीबारातील उडी यांतील सारे अंतर तो सांगून जातो.

भारतीय छत्रीसैनिकांचा इतिहास ऑक्टोबर १९४१ मध्ये सुरू होतो. त्या वेळी दिल्लीत पन्नासावी छत्री ब्रिगेड उभारण्यात आली. १ मार्च १९४५ रोजी भारतीय पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली. पण महायुद्ध संपताच ती मोडण्यात आली. पुढे १५ एप्रिल १९५२ रोजी ती पुन्हा उभी राहिली. पंजाब, मराठा आणि कुमाऊँ या तीन रेजिमेंटांमधील एकेक पलटण तिच्यात आली. मराठा पलटणीला नाव मिळाले 'दुसरी पॅरा (मराठा)'.

या पलटणीची परंपरा फार जुनी आहे. तिची उभारणी १७९७ मधली. दुसऱ्या महायुद्धात ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण म्हणून लढत होती. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्व जवान पडले अथवा जखमी झाले, तेव्हा हा तरुण वीर एकटाच शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला आणि तो काबीज करून धारातीर्थी पडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. घाडगे छत्रीसैनिक नव्हते. पण त्यांच्या पलटणीने पुढे पंख धारण केले.

११ डिसेंबर १९७१ रोजी त्या पंखांची कसोटी लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात, टांगाइलजवळ पुंगली येथील पूल ताब्यात घ्यावयाचा होता. म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे परतणाऱ्या शत्रूची वाट अडली असती. सायंकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली दुसरी पॅरा पलटण आकाशातून उतरली. पूल हाती आला. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात प्रथम शिरणाऱ्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती. पन्नू यांना महावीर चक्र मिळाले.

आता हा इतिहास जुन्या बिल्ल्यांतून कसा वाचावयाचा? पहिली खूण मुकुटाची. ब्रिटिश अमदानीतील अनेक लष्करी चिन्हांवर राजाचा मुकुट असे. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. त्यामुळे बिल्ला हाती येताच त्यावर काय आहे हे पाहून त्याच्या काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. दुसरी खूण धातूची. महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये टोपीवरील काही बिल्ले चक्क प्लॅस्टिकचे करण्यात आले. वस्तू हलकी म्हणून ती खोटी, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

तिसरी खूण घडणीची, आणि अस्सल व नक्कल ओळखण्यास तीच अधिक उपयोगी. पुष्कळसे अस्सल बिल्ले धातूचा पत्रा पोलादी ठशाखाली दाबून केलेले असतात. त्यांवरील पंखाचे एकेक पीस धारदार उठलेले दिसते. नक्कल करणारा बहुधा अस्सल बिल्ल्यावरून साचा घेतो आणि त्यात वितळलेला धातू ओततो. अशा ओतीव बिल्ल्याच्या रेषा बोथट होतात आणि पृष्ठावर बारीक खळगे राहतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडीलधारे कारखान्यात काम करतात, त्या मुलांना ठसा आणि ओतकाम यांतील हा भेद घरीच समजून घेता येईल. कापडी चिन्हांची परीक्षा निराळी. आजकालच्या अनेक धाग्यांत चमक आणणारी द्रव्ये असतात. अतिनील प्रकाशात असे धागे निळसर उजळतात. ज्या चिन्हाचा धागा असा उजळतो, ते महायुद्धकाळातील असल्याचा दावा संशयास्पद ठरतो.

संग्रह करणे जितके कठीण, तितकेच तो सांभाळणेही. पालघर, तारापूर, चिंचणी हा सारा किनारपट्टीचा प्रदेश. खारा, दमट वारा पितळेवर हिरवट गंज चढवितो. पावसाळ्यात कापडाला बुरशी येते आणि लोकरीला कसर लागते. म्हणून वस्तू कोरड्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. ती पुडी वरचेवर बदलावी. काही स्वस्त प्लॅस्टिक पाकिटांतून निघणारी द्रव्ये धातूला अपाय करतात, तेव्हा ती टाळावीत. पितळेची भांडी घासावीत तसा जुना बिल्ला चिंच किंवा रांगोळी लावून कधीही घासू नये. भांडे लख्ख होते. बिल्ल्यावरील बारीक रेषा मात्र कायमच्या झिजून जातात.

येथे एक मर्यादा पाळावी लागते. बिल्ला बाजारात विकत मिळतो. पंख विकत मिळत नाहीत. ज्याने उडी घेतली नाही, त्याने ते छातीवर किंवा बाहीवर मिरवू नयेत. आपण सैनिक आहोत असे भासविण्यासाठी सैनिकाचा वेष करणे किंवा त्याची चिन्हे लावणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. खऱ्या संग्राहकाच्या वस्तू पेटीत असतात, अंगावर नव्हे.

खऱ्या संग्राहकापाशी आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे वही. कोणता बिल्ला कोणाचा, तो सैनिक कोणत्या पलटणीत होता, कोठे लढला, बिल्ला कोणी व केव्हा दिला, हे सर्व तो तीत नोंदवितो. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत निवृत्त सैनिकांच्या पेट्या माळ्यावर पडून असतात. घरातील म्हातारे माणूस गेले की त्या पेटीतील पितळ कशाचे, हे सांगणारे कोणी उरत नाही. मग ते वजनावर मोडीत जाते. ते वाचविण्यास पैसा लागत नाही. आजोबांजवळ बसून, विचारून, ते सांगतील तसे तारीखवार लिहून घ्यावे लागते, आणि ते त्यांच्या हयातीतच करावे लागते. ज्याच्यामागे नाव आहे तो बिल्ला इतिहासाचे पान ठरतो. ज्याचे नाव हरवले, तो केवळ तोळाभर पितळ.