टाकी भरा, पण दुसऱ्याचा तांब्या पाजू नका!

रेणापूरच्या माणसाला ‘कॅशे’चा फंडा वेगळा शिकवावा लागत नाही. नळाला पाणी आलं की ड्रम, हौद, गच्चीवरची टाकी भरून घ्यायची. प्रत्येक तांब्यासाठी धरणापर्यंत कोण धावणार? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर साठवणीची किंमत पोरंसोरंही जाणतात.

वेबसाइटचंही डिट्टो असंच आहे, दोस्तहो! समजा, तुम्ही रेणापूरचे, जॉब पुण्यात. वीकेंडला लातूरमधल्या एका क्लाससाठी वेब ॲप बनवलंय, होस्टिंग भाड्याचं. गाव ‘लातूर पॅटर्न’चं! टेस्टचा निकाल लागला की हजारो पोरं आणि त्यांचे आईबाबा एकाच मिनिटाला मोबाइलवर तुटून पडणार. सर्व्हर प्रत्येकाला तोच लोगो, तेच टाइमटेबल नव्यानं बनवून वाढत बसला, की झालाच हँग.

उपाय? तीन टाक्या. पहिली युजरच्या ब्राउझरमध्ये. दुसरी सीडीएनची, म्हणजे युजरच्या जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर. तिसरी तुमच्याच सर्व्हरच्या मेमरीत, रेडिस किंवा मेमकॅश्ड वापरून. पहिल्या दोन टाक्यांची चावी एकच : १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून चालत आलेला ‘कॅश-कंट्रोल’ हेडर.

आता कुठं काय ठेवायचं?

लोगो, फोटो, डिझाइनच्या फाइल्स : ‘मॅक्स-एज’ ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे बरोबर एक वर्ष. फाइल बदललीत की तिचं नाव बदला. नाहीतर लोकांना वर्षभर जुनाच लोगो दिसेल.

टाइमटेबल, नोटीस : ३०० सेकंद. पाच मिनिटं शिळं टाइमटेबल कुणाला बाधत नाही, पण सर्व्हरचा जीव वाचतो.

मार्कलिस्ट, फीची पावती, लॉगिननंतरचं काहीही : ‘नो-स्टोअर’. साठवायचंच नाही! इथे नावावरून फसू नका. ‘नो-कॅश’ म्हणजे ‘साठवू नका’ असं वाटतं ना? चूक! त्याचा अर्थ ‘साठवा, पण वाढण्याआधी मला विचारा’. काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसतं ‘३०४’ म्हणतो आणि जुनंच पान चालतं. आणि ‘प्रायव्हेट’ म्हणजे फक्त त्या युजरच्या ब्राउझरनं ठेवावं, सीडीएननं नाही.

एवढी काटेकोर शिस्त कशाला? २५ डिसेंबर २०१५ ला ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या बड्या साइटवर हल्ला झाला. ट्रॅफिक सावरायला घाईघाईत कॅशेची नवी सेटिंग्ज लावली गेली, ती चुकली, आणि लोकांना भलत्यांचीच अकाउंट पानं दिसू लागली! सुमारे ३४ हजार युजर्सची माहिती अशी उघडी पडली असावी, असं कंपनीनंच नंतर सांगितलं. साइट स्लो असली तर लोक वैतागतात. पण रेणापूरच्या पोरीची मार्कलिस्ट उदगीरच्या पोराच्या मोबाइलवर उघडली, तर क्लासवरचा विश्वासच उडेल.

म्हणून लाइव्ह जाण्याआधी एक सोपी टेस्ट कराच. दोन ब्राउझर, दोन वेगळी लॉगिन, लिंक एकच. दोन्हीकडे एकच नाव दिसलं? मग निकाल लावू नका. आधी सेटिंग दुरुस्त करा!