छावणींतील कमिटी : वडगांव (१७७९) व दुगाड (१७८०)

वडगांवच्या प्रसंगाचें वर्णन आपल्याकडे बहुधा पुणें दरबारच्या बाजूनें होत आलें आहे. नाना फडणिसांचें धोरण, महादजी शिंद्यांची मसलत, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांच्या फौजांची कामगिरी, या सर्वांचा गौरव झाला तो यथायोग्यच झाला. परंतु त्या विजयाचें एक कारण खुद्द शत्रूच्या छावणींत मांडी घालून बसलें होतें, व त्याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. मुंबईकर इंग्रजांनीं आपल्या फौजेबरोबर सेनापति दिला, पण सेनापतीचा अधिकार मात्र त्यास दिला नाहीं. तो एका कमिटीच्या हातीं ठेविला. त्या कमिटीचा वृत्तांत येथें सांगावयाचा आहे.

ही हकीकत घाटावरची, तिचा आमच्या किन्हवलीच्या बाजूशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं तिचा आरंभ पनवेलीस, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशीं झाला; आणि तिचा दुसरा, आमच्या मतें अधिक बोधक भाग पुढें दोन वर्षांच्या आंत कल्याण प्रांतांतच घडला. किन्हवलीच्या माळावरून माहुलीचे सुळके दिसतात, व माहुलीचा इतिहास शहापूर-मुरबाडच्या मुलांस तोंडपाठ असतो. पण तेथून पश्चिमेस एकदोन मजलांवर, वज्रेश्वरीजवळ, दुगाड नांवाचें गांव आहे व तेथें एक मोठी लढाई झाली, हें जाणणारे फार थोडे. वडगांव व दुगाड हीं दोन स्थळें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे दोहोंवरही निराळा प्रकाश पडतो.

पूर्वपीठिका सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत देतों. १७७४ च्या अखेरीस मुंबईकरांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मध्यें सुरतेस त्यांनीं रघुनाथरावदादांशीं तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास तो पसंत न पडून १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. तथापि दादासाहेब मुंबईच्या आश्रयास राहिलेच, आणि १७७८ सालीं गव्हर्नर विल्यम हॉर्नबी व त्याचें कौन्सिल यांनीं त्यांस पुण्यास नेऊन बसविण्याचा बेत कायम केला. कलकत्त्याहून निघालेली फौज वाटेंतच होती. तिचा पहिला सेनापति कर्नल लेस्ली हा बुंदेलखंडांत रेंगाळला व ऑक्टोबर १७७८ मध्यें वारला. त्याच्या जागीं गॉडर्ड आला. या फौजेची वाट न पाहतां मुंबईची फौज नोव्हेंबरच्या अखेरीस पनवेलीस उतरली. ती सुमारें ३,९०० होती. त्यांत गोरे सुमारें ६००, बाकीचे देशी शिपाई व तोफखान्याचे खलाशी. ओझ्यासाठीं व गाड्यांसाठीं मात्र १९,००० बैल होते. एका शिपायामागें जवळजवळ पांच बैल, हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां कमिटी. तींत तीन गृहस्थ होते : जॉन कार्नाक हा अध्यक्ष, कर्नल चार्ल्स एगर्टन हा ज्येष्ठतेच्या हक्कानें सेनापति, आणि टॉमस मॉस्टिन हा पूर्वीं पुणें दरबारीं वकील असलेला व म्हणून दरबारचा माहीतगार. रोजच्या कूचमुक्कामाची किरकोळ व्यवस्था लष्करी अधिकाऱ्यानें पाहावी, बाकी सर्व गोष्टी कमिटीनें बहुमतानें ठरवाव्या, अशी योजना होती. कागदावर ही योजना वाईट दिसत नाहीं. मुंबईकरांस असें करण्यास कारणही होतें. एगर्टन प्रकृतीनें खचलेला होता व या देशाच्या युद्धपद्धतीचा त्यास अनुभव नव्हता. दादासाहेबांस गादीवर बसविणें हें काम निम्में लढाईचें व निम्में बोलणीचालणीचें होतें; तें केवळ शिपायाच्या हातीं सोडण्यास कौन्सिलास धीर झाला नाहीं. पण ज्याच्यावर आपला विश्वास नाहीं त्यास सेनापति नेमावयाचें आणि मग त्याच्या उशाशीं पहारा बसवावयाचा, यापेक्षां दुसराच सेनापति नेमणें सोपें नव्हतें काय? ज्येष्ठतेचा क्रम मोडण्यापेक्षां अधिकाराचे तुकडे करणें कौन्सिलास सोयीचें वाटलें, असेंच म्हणणें भाग आहे.

या कमिटीस ‘मुलकी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा अध्यक्ष कार्नाक हा निवळ कारकून नव्हता. बंगाल्यांत त्यानें कंपनीच्या फौजेचें आधिपत्य केलें होतें, व जानेवारी १७६१ मध्यें शहाआलम बादशहाचा बहारांत पराभव करून फ्रेंचांचा लॉ याला त्यानें कैद केलें होतें. एके काळीं ज्यानें स्वतः फौज चालविली त्यास दुसरा चालवीत असलेली फौज पाहून स्वस्थ बसवत नाहीं. मुलकी अंमलदार निदान अज्ञानामुळें कांहीं गोष्टी सोडून देतो. निवृत्त सेनापति कांहींच सोडीत नाहीं.

पनवेलीसच पहिला वाद निघाला, तो लष्करी मानपानावरून. कमिटीचा अध्यक्ष या नात्यानें कार्नाकास लष्करी सलामी द्यावी कीं नाहीं, यावर सेनापति व अध्यक्ष यांचें बिनसलें. प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण शिपाई कोणाकडे पाहून बंदूक उभी धरतो यावरूनच हुकूम कोणाचा हें त्यास कळतें. लौकरच मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजीं वारला. तिघांपैकीं दरबाराची खरी माहिती असलेला तोच होता. बहुमतानें चालावयाच्या मंडळांत आतां दोनच राहिले, आणि त्या दोघांचें पटत नव्हतें.

बिनीवर कॅप्टन जेम्स स्टुअर्ट होता. मराठी लोकांनीं ज्यास पुढें ‘इष्टुर फाकडा’ म्हणून नांवाजलें तो हाच. त्यानें अगोदर जाऊन बोरघाटाचा माथा रोखून धरिला होता. मुख्य फौज डिसेंबरच्या अखेरीस वर चढली, आणि येथून जी चाल सुरू झाली तिला चाल म्हणावें कीं नाहीं हा प्रश्नच आहे. फौजेच्या दोन टोळ्या केल्या. पहिलीनें तळ सोडावा, दुसरीनें त्याच तळावर येऊन उतरावें, असा क्रम. रोजची मजल पाऊण मैलाच्या आसपास. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंत सुमारें आठ मैल; ते तोडण्यास ११ दिवस लागले. पायीं जाणारा वारकरी तें अंतर दोन प्रहरांत काटतो. १९,००० बैलांचें रक्षण हें या मंदगतीचें कारण म्हणून सांगतां येईल, परंतु बैलांवरील दाणा या मंदगतीमुळेंच संपत होता. असा फेरा ओळखून तो तोडणें हें सेनापतीचें काम. तें येथें कोणी केलें नाहीं, कारण तें एकट्या कोणाचें कामच नव्हतें. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्टुअर्ट पडला. शत्रूच्या शौर्याचें स्मरण लोकांनीं जपावें, असा योग क्वचित् येतो. वडगांव येथें त्याचें स्मारक अजून आहे.

६ जानेवारीस एगर्टननें आजारामुळें फौजेचें आधिपत्य सोडलें व तें लेफ्टनंट कर्नल कॉकबर्नकडे गेलें. एगर्टन मुंबईस निघाला होता, पण मराठी घोडेस्वारांनीं मागची वाट बंद केल्यामुळें परत फिरला व कमिटीचा सभासद म्हणून छावणींतच राहिला. म्हणजे आतां एक सेनापति, त्याच्या डोक्यावर माजी सेनापति, आणि दोघांच्या डोक्यावर त्याहून जुना सेनापति, अशी उतरंड झाली.

९ जानेवारीस फौज तळेगांवास पोंचली. पुणें तेथून सुमारें २० मैलांवर राहिलें होतें. मराठ्यांनीं गांव ओस पाडून दाणावैरण जाळली होती. चिंचवड व पुणेंही जाळण्याची तयारी आहे अशा वार्ता येत होत्या. इंग्रजांपाशीं १८ दिवसांची शिधासामग्री होती. दादासाहेबांचे साथीदार म्हणून जे मोठमोठे सरदार येऊन मिळावयाचे, त्यांपैकीं कोणी आलें नाहीं. तरीही थोडें थांबावें, लगेच माघार घेऊं नये, अशी विनंति दादासाहेबांनीं केली. तें न ऐकतां कमिटीनें परत फिरण्याचें ठरविलें. ११ जानेवारीच्या रात्रीं मोठ्या तोफा तळ्यांत लोटून व सामान जाळून फौज गुपचूप निघाली. गुप्तता कसली? मराठ्यांस ती बातमी तत्काळ कळली.

पिछाडी कॅप्टन जेम्स हार्टले याजकडे होती. १२ जानेवारीच्या सकाळीं सर्व मार त्याच्या कंपन्यांवर आला आणि त्या हलल्या नाहींत. झुंज ऐन रंगांत असतां मागें सरकण्याचा हुकूम वरून आला, तेव्हां त्यानें तो आणणाऱ्या अधिकाऱ्यास परत धाडून हुकुमाचा फेरविचार व्हावा अशी विनंति केली. शत्रू अंगावर असतां पाठ दाखविली तर एकही माणूस वांचणार नाहीं, हें तो डोळ्यांनीं पाहत होता. त्याच्या धिमेपणामुळें उरली फौज वडगांवांत शिरली. त्या दिवशींचें नुकसान मेले, जखमी व बेपत्ता मिळून ३५२ माणसांचें होतें, व त्यांत १५ गोरे अंमलदार होते.

दुसरे दिवशीं कॉकबर्ननें कमिटीस सांगितलें कीं माघार आतां अशक्य आहे व तिच्या परिणामाची जबाबदारी मी घेणार नाहीं. हार्टलेनें माघार शक्य आहे असें सांगून तिची योजनाही मांडली. पण तो कॅप्टन. फार्मर नामक चिटणिसास मराठ्यांकडे धाडण्यांत आलें. पुढें महादजी शिंद्यांमार्फत करार झाला : १७७३ पासून घेतलेला साष्टीसुद्धां सर्व मुलूख परत द्यावा, बंगालची फौज माघारी धाडावी, दादासाहेबांचा पक्ष सोडावा, आणि ओलीस म्हणून फार्मर व एक लेफ्टनंट यांनीं राहावें. दादासाहेब स्वतः शिंद्यांच्या हवालीं झाले. घाट उतरतांच कार्नाकनें पहिलें काम केलें तें बंगालच्या फौजेस लिहिलेला परतीचा हुकूम तहकूब करण्याचें. गॉडर्ड बऱ्हाणपुरास होता. एकाच कमिटीचीं परस्परविरुद्ध पत्रें हातीं पडल्यावर त्यानें दोन्ही बाजूस सारलीं व सुरतेचा रस्ता धरला. फेब्रुवारीच्या अखेरीस तो तेथें सुखरूप पोंचला. त्या साऱ्या मोहिमेंत इंग्रजांच्या बाजूनें शहाणपणाचें जें एक कृत्य झालें, तें कमिटीचें न ऐकल्यामुळें झालें.

येथें मराठ्यांच्या बाजूकडे एक दृष्टि टाकूं. नाना फडणीस शिपाई नव्हते, व तेही छावणीजवळच होते. तिकडेही सरदार अनेक होते, त्यांत परस्परांविषयीं संशय होता, व होळकरांचा ओढा दादासाहेबांकडे असल्याची शंका होती. तरी मुलूख जाळावा, घाट व रसद तोडावी, समोरासमोर लढाई न देतां शत्रूस आंत ओढावें, इतकें एकदां ठरल्यावर कोणत्या पथकानें कोठें उभें राहावें हें ज्या त्या सरदाराकडे होतें. मात्र तहाच्या वेळीं महादजी पुढें झाले व त्यांतून दरबारांत जी तेढ उत्पन्न झाली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आतां कल्याण प्रांतांत उतरूं. मुंबई सरकारनें वडगांवचा करार मान्य केला नाहीं व युद्ध चालू राहिलें. १७८० च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं कल्याण घेतलें. पावसाळ्यांत मलंगगडास वेढा घालणारी त्यांची तुकडी मराठ्यांनीं कोंडली होती. ऑक्टोबरांत हार्टलेनें, तो आतां लेफ्टनंट कर्नल झाला होता, येऊन तिची सुटका केली. नोव्हेंबरांत गॉडर्डनें वसईस मोर्चे लाविले. वेढ्यावर घाटावरून कुमक येऊं नये हें काम त्यानें हार्टलेस सांगितलें, आणि एवढेंच सांगितलें. कोठें उभें राहावें, किती मागें सरावें, केव्हां लढावें हें त्याचें त्यानें ठरवावयाचें. सुमारें महिनाभर हार्टले लढत लढत हटत वसईच्या पूर्वेस दुगाडपर्यंत आला. त्याच्याजवळ लढते लोक सुमारें २,००० होते. मराठ्यांची फौज २०,००० वर होती. १० व ११ डिसेंबर रोजीं दोन्ही बाजूंनीं हल्ले झाले. ११ च्या संध्याकाळीं त्यानें बाजूच्या उंचवट्यांवर आडोसे उभारून तोफा चढविल्या, व त्यासाठीं कोणाच्या मतांची मोजणी करावी लागली नाहीं. १२ डिसेंबरच्या पहांटे दाट धुक्यांतून रामचंद्र गणेश यांनीं स्वतः पुढें होऊन हल्ला केला. धुकें एकाएकीं विरलें, उंचवट्यांवरील तोफा सुरू झाल्या, आणि तो शूर सरदार रणांत पडला. त्यांच्या पदरचा फिरंगी अंमलदार नरोन्हा जखमी झाला. वसईनें आदल्याच दिवशीं हात टेकले होते.

वडगांवास जे लोक हरले त्यांच्याच जातीच्या मुंबईच्या पलटणी दुगाडास टिकल्या. फरक अधिकाराच्या मांडणींत होता, असें आमचें मत आहे. यावर आक्षेप येईल कीं एकमुखी अधिकार असूनही तोच गॉडर्ड पुढल्या वर्षीं फसला. तें खरें आहे. फेब्रुवारी १७८१ मध्यें त्यानें बोरघाट घेतला, नाना बोलणें लावतील या आशेनें दोन महिने माथ्यावर बसून राहिला, परशुरामभाऊ पटवर्धनांनीं पनवेलीच्या वाटेवर त्याची रसद झोडपली, आणि एप्रिलांत ४०० हून अधिक माणसें गमावून तो खालीं उतरला. तेव्हां कमिटी नसली कीं जय ठेवलेलाच, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु १७८१ ची चूक कोणाची हें एका वाक्यांत सांगतां येतें. १७७९ ची चूक कोणाची, याचा वाद त्या तिघांत मुंबईस परतल्यावरही मिटला नाहीं.

विलायतेंतील डायरेक्टरांनीं तो आपल्या परीनें मिटविला. कार्नाकास कौन्सिलांतून, आणि एगर्टन व कॉकबर्न यांस नोकरींतून दूर केलें. पण वडगांवच्या कामगिरीबद्दल मुंबईकरांनीं हार्टलेस जी बढती दिली होती, तिच्याविरुद्ध त्याच्याहून ज्येष्ठ अंमलदारांनीं तक्रार केली, आणि डायरेक्टरांनीं ती तक्रार ऐकून त्याची बढती ज्येष्ठतेची पाळी येईपर्यंत रोखून धरिली. दुगाडच्या दुसऱ्या वर्षाअखेर हार्टले विलायतेस निघून गेला. पुढें तेथील राजानें आपल्या ७५ व्या पलटणीचें लेफ्टनंट कर्नलपद त्यास दिलें, तेव्हां तो पुन्हा हिंदुस्थानांत आला.