परवान्यावरची टाच

परदेशातून आलेल्या कोणत्या माणसाला अमेरिकेत काम करता येईल, हे तेथील केंद्र सरकार ठरवते; मात्र अशी परवानगी नसलेल्या कामगाराला ठेवणाऱ्या मालकाला राज्य सरकारांनीही शिक्षा करावी का, हा वाद अर्धशतकाहून जुना आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने अशा मालकांना दंड ठरवला आणि राज्यांना स्वतंत्र दिवाणी किंवा फौजदारी शिक्षा देण्यास मनाई केली. तथापि परवान्यांविषयीचे कायदे त्या मनाईतून वगळले. या अपवादाच्या आधारे ॲरिझोना राज्याने २००७ मध्ये कायदा करून दंडाऐवजी थेट धंद्याच्या परवान्यावरच टाच आणली.

पहिल्यांदा दोषी ठरलेल्या मालकावर तीन वर्षे न्यायालयाची देखरेख राहते व त्याचा परवाना दहा दिवसांपर्यंत स्थगित होऊ शकतो; हेतुपुरस्सर गुन्हा असल्यास देखरेख पाच वर्षांची आणि स्थगिती किमान दहा दिवसांची असते. देखरेखीच्या काळात पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास त्या जागेवरील धंद्याचा परवाना कायमचा रद्द होतो. उद्योजकांच्या संघटनांनी या कायद्याला आव्हान दिले, परंतु २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी तो वैध ठरवला.

एवढी कठोर तरतूद असूनही सुरुवातीच्या वर्षांत कारवाई झालेले मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. मालकाने जाणूनबुजून कामावर ठेवले, हे सरकारी वकिलाला सिद्ध करावे लागते; उलट ज्याने 'ई-व्हेरिफाय' या प्रणालीवर, म्हणजे नव्या कर्मचाऱ्याची माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहणाऱ्या संगणकीय व्यवस्थेवर, पडताळणी केली, तो निर्दोष असल्याचे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. ही प्रणाली नोंद खरी आहे का एवढेच तपासते, त्यामुळे दुसऱ्याच्या खऱ्या कागदपत्रांवर आलेला माणूस तीतून निसटू शकतो. शिवाय स्वतंत्र कंत्राटदार कायद्याच्या अर्थाने कर्मचारीच ठरत नाही. ॲरिझोनातील मॅरिकोपा कौंटीत शेरीफच्या पथकांनी घातलेल्या छाप्यांत अटक झाली ती बहुतांशी कामगारांना, तीही खोट्या ओळखीच्या गुन्ह्याखाली. मालकाला वचक बसवण्यासाठी केलेल्या कायद्याचे हे अपयशच म्हणावे लागेल.

फ्लोरिडाने २०२३ मध्ये अधिक व्यवहार्य वाट धरली: तेथे पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने नव्या भरतीची पडताळणी चोवीस महिन्यांत तीनदा टाळली, तर त्याच्या मनात काय होते हे सिद्ध न करताही, चूक सुधारेपर्यंत दररोज एक हजार डॉलरचा दंड लागू होतो.