सवलत म्हणजे भरपाई नव्हे

फिटनेस ट्रॅकर वॉरंटी संपल्यावर लगेच बंद पडतो. तक्रार केली की उत्तर येते, ‘नवीन घ्या, सवलत देतो.’ ग्राहक चिडतो तो इथे, आणि ते रास्तच आहे. बॅटरी आत पक्की बसवलेली असल्याने दुरुस्ती सहसा होत नाही. सवलत घ्यायची तर त्याच कंपनीला पुन्हा पैसे मोजायचे. ती छापील किमतीवर असेल, तर सणासुदीच्या सेलमध्ये तेच यंत्र तेवढ्यालाच मिळू शकते.

दोष धोकादायक ठरला की कंपनीला हात सैल सोडावा लागतो. मार्च २०२२ मध्ये फिटबिटने ‘आयोनिक’ घड्याळे परत मागवली. बॅटरी तापून भाजल्याच्या ७८ तक्रारी एकट्या अमेरिकेतल्या होत्या. तिथे ग्राहकांना २९९ डॉलर परत देऊ केले, वर सवलतीचा कोडही. क्रम हाच हवा: आधी पैसे, मग सवलत.

भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वस्तू सदोष ठरली तर जिल्हा आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. पुढच्या खरेदीवरची सूट या उपायांत नाही. वॉरंटी संपली म्हणजे दावा आपोआप बुडत नाही. मात्र दोष मुळातला होता हे दाखवावे लागते आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

म्हणून बिल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा, आणि सवलत स्वीकारण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.