पेंटॅक्स कॅमेऱ्याची किंमत : प्रतिस्पर्ध्यांच्या मानानें वाजवी कीं महाग ?

शेतकऱ्यांच्या मासिकांत कॅमेऱ्याच्या भावाची चर्चा कशाला, असें कोणी वाचक विचारील तर तें अगदींच गैर नव्हे. परंतु ज्या कामास पूर्वीं दोन डोळे व एक वही पुरत असे, त्या कामास आतां छायाचित्राची जोड लागूं लागली आहे. महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२१ रोजीं ई-पीक पाहणी सुरू केली, तेव्हांपासून उभ्या पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करणें हें खुद्द शेतकऱ्याचें काम झालें. तें काम हातांतील मोबाइल फोननें उत्तम भागतें. त्यासाठीं निराळा कॅमेरा घेणें ही निव्वळ उधळपट्टी होय, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे यांचीं अगदीं जवळून चित्रें घेणें, पानांवरील रोगाचा क्रम आठवड्या-आठवड्यानें टिपून ठेवणें, रोपवाटिकेंतील व बागेंतील मालाचीं विक्रीजोगीं चित्रें काढणें, हीं कामें एखाद्या गटास किंवा सहकारी संस्थेस वर्षानुवर्षें करावयाचीं असतील, तर स्वतंत्र भिंगाचा कॅमेरा उपयोगी पडतो. असा कॅमेरा बहुधा वर्गणीच्या पैशांतून घेतला जातो, आणि वर्गणीचा पैसा घरच्या पैशापेक्षां अधिक जपून खर्चावा लागतो.

अशा वेळीं कॅनन, निकॉन, सोनी या छापांबरोबरच जपानांतील पेंटॅक्स या छापाचें नांव पुढें येतें. ‘कमी दामांत जास्त काम देणारा’ अशी त्याची जुनी ख्याती आहे. ती कितपत खरी, हें पाहणें हा या लेखाचा हेतु होय.

भाव कसा तोलावा

दोन यंत्रांचे भाव ताडून पाहावयाचे तर ते एकाच बाजारांतील व एकाच स्थितींतील असावे लागतात. हिंदुस्थानांतील भावांत डॉलरचा दर, आयातीवरील जकात, वस्तु व सेवा कर हीं सर्व मिसळलेलीं असतात. डिजिटल कॅमेऱ्यांवरील हा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हां कॅमेऱ्यांत कांहींही फरक न होतां भाव मात्र बदलले. म्हणून खालीं सर्वत्र कॅमेरा प्रथम बाजारांत आला त्या वेळचा अमेरिकेंतील भाव, भिंगावांचून, दिला आहे. हे आज दुकानांत पडणारे भाव नव्हेत; एका छापाची दुसऱ्याशीं तुलना करण्याचें तें एक माप आहे, इतकेंच.

थोडा पूर्वेतिहास

पेंटॅक्स काढणारी आसाही ऑप्टिकल ही कंपनी १९१९ सालीं तोकियोंत निघाली. १९५२ सालीं तिनें आसाहीफ्लेक्स हा ३५ मिलिमीटर फिल्मचा जपानांतील पहिला एकभिंगी आरसा-कॅमेरा काढला, आणि १९५७ सालीं पेंटॅक्स हें नांव आलें. १९७५ सालीं भिंग बसविण्याची ‘के’ नांवाची कडी आली, व १९७६ पासून १९९७ पर्यंत के-१००० हा कॅमेरा निघत राहिला. तो तीस लाखांहून अधिक विकला गेला व विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून नांवाजला.

त्याच्या स्वस्ताईचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. कंपनीनें मालाचा कस उतरविला नाहीं. ज्यांवांचून अडत नाहीं अशा सोयी गाळल्या. आपोआप चाप ओढणारें घड्याळ त्यांत नव्हतें. फार काय, बंद-चालू करण्याची कळही नव्हती. पुढें त्याची बांधणी जपानांतून हाँगकाँगास व तेथून चीनमध्यें नेली. स्वस्ताई येण्याचे हे दोन मार्ग झाले. दोन्हींत ग्राहकाचें नुकसान नव्हतें. पुढें २०११ सालीं पेंटॅक्सचा कॅमेऱ्यांचा धंदा रिको कंपनीच्या मालकीचा झाला.

सन २०१६ चा हिशेब : पेंटॅक्सची सरशी

त्या सालीं पेंटॅक्सनें पूर्ण आकाराच्या सेन्सरचा के-१ हा कॅमेरा काढला. त्याचे व त्याच्या तोडीच्या इतरांचे भाव पाहा :

पेंटॅक्स के-१ (२०१६), ३६ मेगापिक्सेल : सुमारें १,८०० डॉलर
निकॉन डी-८१० (२०१४), ३६ मेगापिक्सेल : सुमारें ३,३०० डॉलर
सोनी ए-७-आर मार्क २ (२०१५), ४२ मेगापिक्सेल : सुमारें ३,२०० डॉलर
कॅनन ५-डी मार्क ४ (२०१६), ३० मेगापिक्सेल : सुमारें ३,५०० डॉलर

निकॉनचा कॅमेरा दोन वर्षांचा जुना असल्यानें २०१६ पर्यंत कांहींसा उतरला होता, हें मान्य करूनही फरक लहान नव्हता. के-१ मध्यें पाऊस व धूळ आंत जाऊं नये अशी बांधणी होती. हात हलल्यानें चित्र पुसट होऊं नये म्हणून सेन्सरच सांवरून धरणारी योजनाही होती. वेगानें हालणाऱ्या वस्तूवर नेम धरण्यांत व चलच्चित्रें घेण्यांत मात्र तो मागें होता. धांवत्या घोड्यांचीं चित्रें घेणारास ही उणीव जाणवेल. उभ्या पिकाचीं घेणारास जाणवणार नाहीं.

धाकट्या कॅमेऱ्यांतही तोच प्रकार. २०१६ चा पेंटॅक्स के-७० सुमारें ६५० डॉलरांस निघाला, तर २०१५ चा कॅनन ७५०-डी सुमारें ७५० डॉलरांस. पावसापासून संरक्षण पहिल्यांत होतें, दुसऱ्यांत नव्हतें. पावसाळ्यांत शिवारांत उभें राहून काम करणाराच्या दृष्टीनें हा भेद शंभर डॉलरांहून मोठा आहे.

आणखी एक गोष्ट पेंटॅक्सच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. २०१८ सालीं सुधारलेला के-१ मार्क २ निघाला, तेव्हां जुन्या के-१ च्या मालकांना कांहीं महिन्यांच्या मुदतींत ५५० डॉलर भरून आंतील मुख्य फळी बदलून घेण्याची व तोच कॅमेरा नवा करून घेण्याची सवलत कंपनीनें दिली. नांगर न टाकतां फाळ बदलावा, तसा हा व्यवहार झाला.

सन २०२१ चा हिशेब : पारडें फिरलें

पुढें २०२१ सालीं निघालेल्या के-३ मार्क ३ या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याची किंमत पेंटॅक्सनें सुमारें २,००० डॉलर ठेवली. त्याच जातीचा निकॉन डी-५०० पांच वर्षांपूर्वीं, २०१६ सालीं, इतक्याच किंमतीस निघाला होता. २०२० चा फुजीफिल्म एक्स-टी-४ सुमारें १,७०० डॉलरांचा व २०१९ चा कॅनन ९०-डी सुमारें १,२०० डॉलरांचा होता. सोनीनें तर पूर्ण आकाराच्या सेन्सरचा ए-७ मार्क ३ दोन हजार डॉलरांस २०१८ सालींच विकावयास काढला होता. पेंटॅक्सचा स्वतःचा थोरला बंधु के-१ मार्क २ हाही त्याच किंमतीचा होता. के-३ मार्क ३ ची बांधणी उत्तम व आरशांतून दिसणारें चित्र मोठें व स्वच्छ, हें खरें; पण भावांत तो स्पर्धेला उतरला असें म्हणतां येत नाहीं.

याचें एक कारण उघड आहे. नवें यंत्र आंखणें, साचे पाडणें यांचा खर्च माल कितीही निघाला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. माल थोडा खपला तर तो थोड्याच नगांवर पडतो. गुऱ्हाळास ऊंस कमी आला तर दर ढेपेमागें खर्च वाढतो, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शिवाय इतर कंपन्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्या असतां, आपण आरशाचा कॅमेराच काढीत राहूं असें पेंटॅक्सनें २०२० सालीं जाहीर केलें. बाजार लहान झाला, तरी राहिलेला ग्राहक निष्ठावंत आहे. आणि निष्ठावंत ग्राहकास चढा भाव लावतां येतो.

कालचा स्वस्त माल आज महाग कसा ठरतो याचें दुसरें उदाहरण म्हणजे पेंटॅक्स ६४५-झेड. हा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा २०१४ सालीं सुमारें ८,५०० डॉलरांस निघाला, तेव्हां हॅसलब्लाडचा तशाच सेन्सरचा कॅमेरा पंचवीस हजार डॉलरांच्या पुढें होता. परंतु २०१७ सालीं फुजीफिल्मनें आपला जीएफएक्स ५०-एस ६,५०० डॉलरांस आणला, आणि तीन वर्षांत पेंटॅक्सची ती स्वस्ताई संपली.

भिंगांचा खर्च

बैल घेतला म्हणजे खर्च संपला असें होत नाहीं. वैरण, पेंड व नाल पुढें आहेतच. कॅमेऱ्याची वैरण म्हणजे भिंगें. येथें पेंटॅक्सचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे.

जमेची बाजू अशी कीं, १९७५ ची के कडी आजतागायत चालूं आहे. पन्नास वर्षांपूर्वींचें भिंग आजच्या पेंटॅक्सवर बसतें. त्याहून जुनीं आट्यांचीं भिंगेंही एक लहानसें कडें मध्यें घालून बसवितां येतात. कॅननने १९८७ सालीं आपली एफडी कडी टाकून दिली, तेव्हां तिच्या ग्राहकांचीं भिंगें नव्या कॅमेऱ्यांना निरुपयोगी झालीं. २०१८ सालीं कॅनन व निकॉन या दोघांनींही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठीं पुन्हां नव्या कड्या काढल्या. शिवाय चित्र स्थिर ठेवण्याची सोय पेंटॅक्सच्या कॅमेऱ्यांतच असल्यानें जुन्या भिंगासही तिचा लाभ होतो. कॅनन व निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत ती सोय भिंगांत असते, व अशा प्रत्येक भिंगामागें तिचे पैसे पुन्हां मोजावे लागतात. मात्र जुन्या भिंगांत नेम हातानें धरावा लागतो व प्रकाशाचें मापही दर वेळीं कळ दाबून घ्यावें लागतें. स्थिर बसलेल्या किडीच्या चित्रास ही अडचण फारशी जाणवत नाहीं.

खर्चाची बाजू अशी कीं, नवीं भिंगें थोडीं. सिग्मा, टॅमरॉन यांसारख्या स्वतंत्र कारखान्यांनीं पेंटॅक्ससाठीं नवीं भिंगें काढणें जवळजवळ सोडूनच दिलें. २०१७ सालीं टॅमरॉननें ७०-२०० मिलिमीटरचें आपलें सुधारलेलें भिंग १,३०० डॉलरांस आणलें, तें कॅनन व निकॉन यांच्यासाठीं. पेंटॅक्सवाल्यास त्या दर्जाच्या नव्या भिंगासाठीं कंपनीच्याच बरेच महाग भिंगाकडे जावें लागलें. जेथें विकणारा एकच, तेथें भावाची घासाघीस होत नाहीं.

जुना माल घेणारांस सूचना

पेंटॅक्सची खरी स्वस्ताई आतां जुन्या बाजारांत आहे. २००६ चा के-१००-डी व २००९ चा के-एक्स यांस साधे चार पेन्सिल सेल चालतात. गांवांत वीज गेलेली असली तरी वाण्याच्या दुकानांतील सेलांवर काम निभतें. के-३० व के-५० यांस निराळी डबी घेतल्यास तीच सोय होते. परंतु के-३०, के-५० व के-७० यांत भिंगाची झडप चालविणारा लहानसा विद्युत्-चुंबक अडकून चित्रें काळीं येतात, हा दोष पुष्कळांच्या अनुभवास आलेला आहे. म्हणून जुना कॅमेरा घेतांना, तो कांहीं दिवस पडून राहिल्यानंतर लागोपाठ दहा-बारा चित्रें काढून पाहावींत. पहिलीं दोन-चार काळसर आलीं, तर दुरुस्तीचा खर्च वजा करून भाव करावा, किंवा तो कॅमेरा सोडून द्यावा. परदेशांतून परभारें आलेल्या कॅमेऱ्यास येथें हमी मिळेलच असें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

आमचा अभिप्राय

एकंदरींत पाहतां पेंटॅक्स स्वस्त कीं महाग, या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. २०१६ सालीं तो निश्चित स्वस्त होता. २०२१ पासून त्याचे वरच्या दर्जाचे नवे कॅमेरे प्रतिस्पर्ध्यांच्या मानानें महाग झाले. ज्या संस्थेजवळ कोणा सभासदाचीं जुनीं के कडीचीं भिंगें पडलेलीं आहेत व जिचें काम उभ्या पिकाचें, रोगाचें व किडीचें आहे, तिनें जुना पण नीट तपासलेला पेंटॅक्स घ्यावा. तो तिला सर्वांत कमी खर्चांत पडेल. जिच्याजवळ भिंग एकही नाहीं व पुढें तीन-चार घ्यावयाचीं आहेत, तिनें ज्या छापाचीं भिंगें व दुरुस्तीचें दुकान आपल्या जिल्ह्याच्या गांवीं मिळतें तोच छाप पतकरावा, मग तो आज दोन-पांच हजार रुपयांनीं चढा कां असेना. आणि जिचें काम केवळ पीक पाहणीचें आहे, तिनें वर्गणीचा पैसा बियाण्याकडे लावावा.

खरेदी ठरविण्यापूर्वीं कार्यकारी मंडळानें तीन आंकडे कागदावर मांडावेत : कॅमेऱ्याचा भाव, पांच वर्षांत लागणाऱ्या भिंगांचा भाव, आणि एका दुरुस्तीचा खर्च जाण्यायेण्याच्या भाड्यासह. ही बेरीज प्रत्येक छापाची निरनिराळी करून ती सभासदांपुढें ठेवावी, व मगच पैसे द्यावेत.