परीक्षेआधीची परीक्षा : एक मागोवा

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कर्क्सव्हिल या लहानशा गावी अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडे-स्नायूंवर हाताने करावयाच्या उपचारांवर भर देणाऱ्या वैद्यकपद्धतीची, पहिली शाळा उघडली, तेव्हा तिच्या पदवीधरांना वैद्यकीचा परवाना कोणी आणि कोणत्या कसोटीवर द्यावा, हा प्रश्न एकामागून एक राज्यांच्या कायदेमंडळांपुढे उभा राहिला. आणि मिसिसिपीने १९७३ साली त्यांचा पूर्ण व्यवसायाधिकार मान्य करीपर्यंत तो सर्वस्वी मिटला नाही. दरम्यान १९६२ साली कॅलिफोर्नियात दोन हजारांवर ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांनी ६५ डॉलर भरून आपली पदवी एम.डी. अशी बदलून घेतली. ज्या व्यवसायाने एवढी अवहेलना आणि एवढी प्रलोभने पाहिली, त्याला आपली स्वतंत्र परीक्षा ही आपल्या पृथक् अस्तित्वाची सनद वाटावी, आणि १९३४ साली स्थापन झालेल्या त्याच्या राष्ट्रीय परीक्षक मंडळाने ती आजतागायत जपावी, हे स्वाभाविकच होय.

या मंडळाच्या जुन्या परीक्षांची जागा १९९५ पासून टप्प्याटप्प्याने ‘कॉमलेक्स’ या तीन पातळ्यांच्या मालिकेने घेतली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या जोडीला ‘कॉमसे’ ही स्वयंमूल्यमापनाची सराव परीक्षा आली. तिने परवाना मिळत नाही, की अडतही नाही. विद्यार्थ्याने आपल्या तयारीचा अंदाज घ्यावा, उणिवा हेराव्या आणि मग मुख्य परीक्षेची तारीख ठरवावी, एवढाच तिचा उद्देश.

तिची घडण मुख्य परीक्षेबरहुकूम आहे. पहिल्या पातळीच्या मुख्य परीक्षेत ३५२ प्रश्न, तर सरावात त्याच्या निम्मे, म्हणजे १७६ प्रश्न आणि चार तासांची मुदत. वीसेक वर्षांचा रुग्ण, बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे सरकलेली पोटदुखी, बारीक ताप, आणि चाचपताना उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी लागलेली हुळहुळी गाठ, अशा वर्णनाचा प्रश्न समोर आला, की विद्यार्थ्याने आंत्रपुच्छाचा दाह तर ओळखायचाच. शिवाय ती गाठ म्हणजे त्या अवयवाचा चॅपमन बिंदू, म्हणजे ऑस्टिओपॅथीत आतल्या अवयवाच्या विकाराची खूण मानली जाणारी जागा, हेही त्याला ठाऊक असावे लागते. बाजारात मिळणाऱ्या सामान्य वैद्यकीय प्रश्नसंचांत हा दुसरा धागा सहसा सापडत नाही. निकालपत्रावर एकूण गुणांचा तीन अंकी आकडा असतो; परंतु त्याखाली विषयवार बलाबल दाखविणाऱ्या ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांत खरे मोल साठवलेले आहे. हृदयविकारांची पट्टी उजवीकडे सरकलेली आणि मूत्रपिंडाची डावीकडे रेंगाळलेली दिसली, म्हणजे पुढचे पंधरा दिवस कुठे घालवायचे, हे कोणी सांगावे लागत नाही.

पण पुढे या आत्मपरीक्षणाचे स्वरूप पालटत गेले. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांची संख्या चाळिशीपार गेली. परवाना परीक्षेचे निकाल जाहीर करणे मान्यतेच्या नियमांनुसार त्यांच्यावर बंधनकारक झाले. आणि प्रत्येक अनुत्तीर्ण विद्यार्थी संस्थेच्या लौकिकाच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूला पडू लागला. तेव्हा कित्येक महाविद्यालयांनी सराव परीक्षेत अमुक गुण मिळाल्यावाचून मुख्य परीक्षेस बसण्याची मुभा नाही, असा दंडक घातला. मुख्य परीक्षेत उत्तीर्ण होण्यास ४०० गुण पुरत असताना कोठे कोठे सरावात ४५० मागण्यात आले. अपुऱ्या तयारीनिशी विद्यार्थ्याने नापास होऊ नये, ही त्यामागची काळजी खोटी नव्हती. नापासाचा शेरा निवासी डॉक्टरच्या जागेसाठी अर्ज करताना किती जड जातो, हे अध्यापक जाणून होते. परंतु जी परीक्षा विद्यार्थ्याने निर्भयपणे, आपले अज्ञान उघडे पाडण्यासाठी द्यावयाची, तीच तो आता धास्तीने देऊ लागला.

१० मे २०२२ पासून पहिल्या पातळीच्या निकालात केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच नोंदले जाऊ लागले. एम.डी. विद्यार्थ्यांच्या समकक्ष परीक्षेनेही त्याच वर्षी जानेवारीत हा मार्ग पत्करला होता. गुणांची जीवघेणी चढाओढ शमावी, हा हेतू स्तुत्यच. मात्र मुख्य परीक्षेतून हद्दपार झालेला आकडा सराव परीक्षेत कायम राहिला, आणि मोजमापाला सोकावलेल्या साऱ्या नजरा तेथेच खिळल्या. मिशिगन वा न्यू जर्सीतील ज्या मराठी घरांतील मुलेमुली या शिक्षणक्रमात आहेत, त्या घरांना गुणांच्या आकड्याचे हे ओझे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या सबंध काळाकडे पाहता माझी अशी धारणा झाली आहे, की स्वयंमूल्यमापनाचा निकाल ज्याचा त्याच्या स्वाधीन असावा. अध्यापकाने तो विद्यार्थ्याच्या संमतीने, त्याच्या शेजारी बसून वाचावा. संस्थेच्या दप्तरात त्याची नोंद होऊ नये, आणि परीक्षेची तारीख तर केवळ त्याच्या बळावर कधीच अडवू नये. आपल्याला काय येत नाही, हे स्वतःशी मोकळेपणाने कबूल करण्याची सवय डॉक्टरला आयुष्यभर पुरवावी लागते, आणि तिचा पहिला अभ्यास जर शिक्षेच्या सावटाखाली झाला, तर त्याची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागेल.