शीव दाखवणारे आणि साखळी धरणारे

२०२५ मध्ये राज्य सरकारने परवानाधारक खाजगी भूमापकांकडून जमीन मोजून घेण्याचे जाहीर केले. तेव्हापासून स्थापत्य पदविका घेतलेली आपली मुले मला विचारतात, सर, परवाना घ्यावा का? हा प्रश्न पोटापाण्याचा तर आहेच. पण आपल्या समाजापुरता त्याला आणखी एक अर्थ आहे.

गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव त्याच्या पायाखालची होती, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात होती. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापुरात नवी मोजणी हाती घेतली. पुढे तेहतीस फुटांची साखळी रूढ झाली; साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. शीव आता कागदावर गेली आणि कागद वाचणारा तिचा धनी झाला.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. पुणे शहर वाढत वाढत याच जमिनींवर आले. मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये गाजला, तेव्हा सातबारा, फेरफार आणि शर्त समजणारी किती माणसे आपल्यात आहेत, हे मी मोजू लागलो.

परवान्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोजणी हद्द दाखवते, मालकी ठरवत नाही. सरकारी भूकरमापकाला पगार आहे, भरतीत राखीव जागा आहेत. खाजगी धंद्यात यंत्राचा खर्च आपला, आणि गिऱ्हाईक आडनाव विचारून दुसरीकडे वळू शकते. बांधावर आपल्या मुलाने ठोकलेली खुंटी गाव मुकाट्याने मानील, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

मी घरातला पहिला पदवीधर. पगाराविना वर्ष काढणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. म्हणून ज्याच्यावर घर अवलंबून आहे, त्याने आधी भूकरमापकाची परीक्षा द्यावी. ज्याच्या घरात एक पगार येतो, त्याने परवाना जरूर घ्यावा. मात्र दोघांनीही यंत्राबरोबर जुनी टिपणे वाचायला शिकावे, आणि पहिली टिपणे आपल्याच वस्तीतल्या वतनी जमिनींची काढावीत.